हौशी बुद्धिबळपटूचे आत्मपरीक्षण : स्वतःच्या डावांचे व प्रारंभिक चालींचे विश्लेषण

प्रस्तावना :

बुद्धिबळाच्या खेळाला गेल्या काही वर्षांत आपल्या देशात विलक्षण लोकप्रियता लाभली आहे. २०२४ मध्ये सिंगापूर येथे डी. गुकेश जगज्जेता झाला आणि २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. या यशाने गावोगावच्या स्पर्धांना व वर्गांना नवी चालना मिळाली. तथापि बुद्धिबळ खेळणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक व्यावसायिक खेळाडू नसतात. नोकरी, शिक्षण किंवा घरप्रपंच सांभाळून सुट्टीच्या दिवशी स्पर्धा खेळणारा, प्रशिक्षक नसलेला आणि अभ्यासासाठी आठवड्यातून मोजकेच तास काढू शकणारा असा हा हौशी खेळाडू असतो.

अशा खेळाडूंबाबत एक गोष्ट वारंवार आढळते. ते पुष्कळ खेळतात, पुस्तके विकत घेतात, संगणकावर डाव तपासतात. परंतु त्यांचा खेळ एका पातळीवर येऊन थांबतो. त्याच प्रकारच्या चुकांनी ते पुन्हा पुन्हा हरतात. या स्थितीचे एक महत्त्वाचे कारण स्वतःच्या डावांचे विश्लेषण करण्याच्या पद्धतीत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. चूक कोणती झाली हे आज संगणक क्षणार्धात सांगतो. परंतु ती चाल खेळताना मनात कोणता विचार होता, हे केवळ खेळाडूलाच ठाऊक असते. तो विचार नोंदवून तपासला गेला नाही, तर विश्लेषणाचा उपयोग मर्यादितच राहतो.

१. चालींची नोंद : विश्लेषणाचे मूळ साधन

बुद्धिबळाच्या पटावरील उभ्या रांगांना ए ते एच ही अक्षरे व आडव्या रांगांना १ ते ८ हे अंक दिलेले असतात. त्यामुळे प्रत्येक घराला स्वतंत्र नाव मिळते व संपूर्ण डाव कागदाच्या एका पानावर लिहिता येतो. 'फिडे' या १९२४ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या नियमांनुसार प्रदीर्घ वेळेच्या डावात दोन्ही खेळाडूंनी स्वतःच्या व प्रतिस्पर्ध्याच्या चाली लिहिणे बंधनकारक असते. या कागदावर चाली, घड्याळातील वेळ, बरोबरीचा प्रस्ताव व पंचांकडे करावयाच्या दाव्याशी संबंधित बाबी एवढ्याच लिहिता येतात. डाव चालू असताना स्वतःसाठी टिपणे काढण्यास नियमांची परवानगी नाही.

या नियमाचा अर्थ असा की, खेळाडूच्या विचारांची नोंद डाव संपल्यानंतरच होऊ शकते. ती जितकी लवकर होईल तितकी विश्वसनीय ठरते. डावाचा निकाल कळल्यानंतर मन नकळत सोयीस्कर स्पष्टीकरणे तयार करू लागते. 'मला ते दिसले होते, पण घाईत खेळलो' हे त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित स्पष्टीकरण होय. म्हणून चालीबरोबर घड्याळातील उरलेली वेळ लिहिण्याची सवय अत्यंत उपयुक्त आहे. ज्या चालीला वीस मिनिटे दिली ती 'घाईत' खेळली गेली नव्हती, हे तो कागद निःपक्षपातीपणे सांगतो. दहा सेकंदांत खेळलेली निर्णायक चालही त्यावर तितक्याच स्पष्टपणे उमटलेली असते.

२. विश्लेषण नेमके कशाचे?

बुद्धिबळपटूंच्या विचारप्रक्रियेचा शास्त्रीय अभ्यास डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी केला. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधासाठी त्यांनी वेगवेगळ्या दर्जाच्या खेळाडूंना पटावरील स्थिती दाखवून मनातील विचार मोठ्याने बोलण्यास सांगितले होते. श्रेष्ठ खेळाडू इतरांपेक्षा फार अधिक चालींपुढचे पाहतात, हा सर्वसाधारण समज त्यातून दृढ झाला नाही. त्यांचे वेगळेपण असे की, योग्य चाल त्यांच्या विचारात लवकर येते. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी दाखवून दिले की, खऱ्या डावातील स्थिती काही सेकंद पाहून श्रेष्ठ खेळाडू ती उत्तम रीतीने पुन्हा मांडतात. परंतु मोहरे कसेही विखरून ठेवले तर त्यांची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. अर्थात त्यांचे सामर्थ्य अनुभवातून साठलेल्या अर्थपूर्ण आकृतिबंधांत असते.

हौशी खेळाडूच्या दृष्टीने यातून महत्त्वाचा बोध घेता येतो. त्याच्याही मनात आकृतिबंध साठलेले असतात. मात्र त्यांतील काही सदोष असतात. 'शह देता येत असेल तर द्यावा', 'मारलेले प्यादे लगेच परत घ्यावे', 'वजिरावर हल्ला झाला की तो हलवावा' अशा सवयी तपासल्याविना रुजतात आणि पटावर विचाराची जागा घेतात. विश्लेषणाचे खरे काम या सवयी उजेडात आणणे हे आहे.

माजी जगज्जेते मिखाईल बोत्विनिक यांनी स्वतःच्या डावांच्या विश्लेषणाला प्रशिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले होते. असे विश्लेषण प्रसिद्ध करावे, म्हणजे इतरांना त्यातील दोष दाखवता येतात, असा त्यांचा आग्रह असे. स्वतःचा डाव तपासताना माणूस स्वतःच आरोपी व स्वतःच न्यायाधीश असतो; म्हणून तिसऱ्याची नजर आवश्यक ठरते, हा त्यामागील विचार आजही तितकाच लागू आहे.

३. प्रारंभिक चालींचा अभ्यास : एक उदाहरण

डावाच्या सुरुवातीच्या टप्प्याला खेळाडू 'ओपनिंग' म्हणतात. हौशी खेळाडूचा सर्वाधिक वेळ याच अभ्यासावर खर्च होतो. ओपनिंगच्या ज्ञानकोशात प्रारंभिक चालींचे ए ते ई असे पाच विभाग व प्रत्येकात शंभर याप्रमाणे एकूण ५०० संकेतांक आहेत. ही संख्या पाहिली तर सर्व काही पाठ करणे अशक्य आहे, हे उघड आहे. म्हणून स्वतःच्या डावांतून जे प्रश्न उद्भवतात, त्यांपासून हा अभ्यास सुरू करणे अधिक फलदायी ठरते.

पुढील उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 'दोन घोड्यांचा बचाव' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओपनिंगमध्ये चाली अशा होतात : १. ई४, ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६ ४. घोडा जी५. आता काळ्याच्या एफ७ या घरावर पांढऱ्याच्या घोड्याचा व उंटाचा दुहेरी रोख आहे आणि त्या घराला केवळ राजाचे संरक्षण आहे. काळा ४... डी५ खेळून उंटाचा मार्ग अडवतो. पांढरा ५. ई प्यादे घेते डी५ असे उत्तर देतो. या ठिकाणी असंख्य हौशी खेळाडू क्षणाचाही विलंब न लावता ५... घोडा घेते डी५ ही चाल खेळतात.

यानंतर ६. घोडा घेते एफ७, राजा घेते एफ७ ७. वजीर एफ३ शह असा प्रसिद्ध हल्ला येतो. तो 'फ्राइड लिव्हर' या नावाने ओळखला जातो व सुमारे चारशे वर्षांपासून ज्ञात आहे. वजिराचा रोख एकाच वेळी राजावर व डी५ वरील घोड्यावर असतो. घोडा वाचवण्यासाठी राजाला ई६ या घरी, म्हणजे पटाच्या मध्यभागी यावे लागते. पांढऱ्याने एक घोडा दिलेला असला, तरी पटावर प्रत्यक्ष खेळताना काळ्याचा बचाव अत्यंत कठीण होतो.

पुस्तकात किंवा संगणकावर पाहिले असता ५... घोडा ए५ ही चाल सुचवलेली आढळते. सर्वसाधारण खेळाडू ती पाठ करतो व अभ्यास संपला असे मानतो. परंतु पुढच्या वेळी प्रतिस्पर्ध्याने किंचित वेगळी चाल केली की त्याचे पाठांतर निरुपयोगी ठरते. याउलट, कारण शोधले तर बरेच काही हाती लागते. डी५ वर आलेले पांढरे प्यादे त्याच्याच उंटाचा मार्ग अडवून उभे होते. एफ६ वरील काळा घोडा एफ रांग झाकत होता. घोड्याने प्यादे घेताच एफ रांग मोकळी झाली आणि उंटाच्या मार्गात प्याद्याऐवजी स्वतःचा घोडाच येऊन उभा राहिला. म्हणजे एकाच चालीने दोन संरक्षणे दुबळी झाली. ५... घोडा ए५ या चालीने मात्र दोन्ही आडोसे कायम राहतात व उंटावर हल्ला होतो. पुढे ६. उंट बी५ शह, सी६ ७. डी प्यादे घेते सी६, बी प्यादे घेते सी६ असे झाल्यास काळा एक प्यादे गमावतो. परंतु पांढऱ्याच्या उंटाला व घोड्याला माघार घ्यावी लागून काळ्याचे मोहरे वेगाने बाहेर पडतात.

आता मूळ प्रश्न असा : खेळाडूने डी५ वरील प्यादे का घेतले? प्रामाणिक उत्तर बहुधा 'माझे प्यादे मारले गेले होते, म्हणून' एवढेच असते. हे उत्तर वहीत लिहिले, तर त्या खेळाडूचे इतर पराभवही निराळे दिसू लागतात. मध्यडावात हत्तींची मारामारी चालू असताना मधली एखादी शहाची चाल न पाहणे, किंवा प्याद्यांच्या अंतिम डावात विनाकारण प्यादे परत घेऊन राजाची एक चाल वाया घालवणे, या चुका वेगळ्या भासत असल्या तरी त्यांचे मूळ एकच असू शकते. ज्याला ओपनिंगचे अज्ञान समजले गेले, ती वस्तुतः विचाराची एक सवय असते. सवय ओळखल्यावर केवळ एक ओपनिंग सुधारत नाही, तर अनेक डाव सुधारतात.

४. संगणकाचे स्थान व मर्यादा

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे 'डीप ब्लू' या संगणकाने गॅरी कास्पारोव्ह यांचा ३½–२½ असा पराभव केला. आज त्याहून कितीतरी बलवान असे 'स्टॉकफिश' हे इंजिन कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहे. ही मोठी सोय आहे व ती नाकारण्याचे कारण नाही. डावपेचांतील चुका निश्चितपणे दाखवण्याचे काम इंजिनाइतके कोणीही करू शकत नाही.

तथापि इंजिनाचे आकडे कसे वाचावेत, हे समजणे आवश्यक आहे. परंपरेने +१ म्हणजे पांढऱ्याकडे एका प्याद्याइतका वरचढपणा असा अर्थ घेतला जाई. २०२२ मधील स्टॉकफिशच्या १५.१ या आवृत्तीपासून मात्र इंजिन स्वतःशीच खेळले असता जिंकण्याची शक्यता ५० टक्के असणारी स्थिती म्हणजे +१ असे हे प्रमाण बसवण्यात आले. म्हणजे हा आकडा दोन अचूक यंत्रांच्या झुंजीविषयी बोलतो. रविवारच्या स्पर्धेत चौथ्या फेरीत थकलेल्या दोन माणसांविषयी बोलत नाही. शून्य मूल्यांकनाच्या स्थितीत एका बाजूला दहा चांगल्या चाली व दुसऱ्या बाजूला एकच वाचवणारी चाल असू शकते. इंजिनासाठी ती स्थिती समान असते, माणसासाठी नसते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. उत्तर समोर दिसताच ते आपल्याला कळले असा भास होतो आणि प्रश्नाशी झगडणे थांबते. डाव संपताच इंजिन सुरू करणारा खेळाडू स्वतःच्या विचाराचा पुरावाच पुसून टाकतो. कारण त्यानंतर आपण पटावर काय पाहिले होते व काय आत्ता पाहिले, यांतील सीमा त्याला आखता येत नाही.

५. विश्लेषणाची क्रमवार पद्धत

वरील विवेचनाच्या आधारे हौशी खेळाडूसाठी पुढील क्रम सुचवता येईल.

(अ) डाव संपल्यावर शक्य असल्यास प्रतिस्पर्ध्याबरोबर बसून डाव पुन्हा पाहावा. त्याने कोणत्या चालीची भीती बाळगली होती, हे कोणतेही इंजिन सांगू शकत नाही.

(आ) त्याच दिवशी वहीत तीन-चार निर्णायक क्षण निवडून त्या वेळचे विचार, विचारात घेतलेल्या चाली व लागलेला वेळ लिहावा.

(इ) इंजिनाशिवाय पट मांडून पर्यायी चाली शोधाव्यात व आपले मत लेखी नोंदवावे.

(ई) त्यानंतरच इंजिनाची मदत घ्यावी व जेथे आपले मत आणि त्याचे मत जुळत नाही, तेथे कारण एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिहावे. कारण लिहिता येत नसेल, तर ती स्थिती अधिक बलवान खेळाडूला विचारण्यासाठी राखून ठेवावी.

(उ) प्रत्येक चुकीचा प्रकार ठरवावा : प्रतिस्पर्ध्याच्या चालीकडे दुर्लक्ष, आकडेमोडीतील चूक, योजनेचा अभाव, वेळेचे गैरनियोजन किंवा अंतिम डावाचे अज्ञान. दहा-पंधरा डावांनंतर कोणता प्रकार वारंवार येतो, हे स्पष्ट होते आणि अभ्यासाचा मोजका वेळ कोठे द्यावा हेही ठरवता येते.

(ऊ) ओपनिंगच्या वहीत प्रत्येक डावातून एकच नवी नोंद करावी. मात्र ती कारणासह असावी.

जिंकलेल्या डावांनाही हीच पद्धत लावणे आवश्यक आहे. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीने मिळालेला विजय सदोष सवयीला बळकटी देतो, आणि अशा डावांकडे पुन्हा वळून पाहण्याची इच्छा सहसा होत नाही.

समारोप :

हौशी खेळाडूला ग्रँडमास्टर व्हायचे नसते. परंतु आपण चांगले खेळावे, आपला डाव आपल्याला समजावा, ही त्याची इच्छा खरी असते. त्याच्याजवळ वेळ थोडा असल्याने तो वेळ पाठांतरात किंवा आकडे पाहण्यात खर्च होणे ही मोठी हानी ठरते. चालींचा कागद, विचारांची प्रामाणिक नोंद, प्रतिस्पर्ध्याशी संवाद आणि शेवटी इंजिनाचा पडताळा हा क्रम पाळल्यास त्याचे स्वतःचे डाव हेच त्याचे सर्वोत्तम पाठ्यपुस्तक होऊ शकते. प्रत्येक विषयात तयार उत्तरे सहज मिळण्याच्या काळात, उत्तर पाहण्यापूर्वी आपण काय विचार केला होता हे लिहून ठेवण्याची ही शिस्त विद्यार्थ्यांना बुद्धिबळाच्या पटाबाहेरही उपयोगी पडेल. महाविद्यालयांतील बुद्धिबळ मंडळांनी स्पर्धांच्या आयोजनाबरोबरच अशा विश्लेषण-वह्यांची प्रथा सुरू करावी, असे सुचवावेसे वाटते.