माहेरी निघालेला मासा

हैदराबादला संसार थाटला आणि आषाढ लागला की शेजारणींच्या तोंडी एकच नाव ऐकू येऊ लागलं : पुलसा! कोकणातला पाला, बंगाल्यांचा इलिश, तोच हा. राहतो समुद्रात, पण गोदावरीला पूर आला की अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो. तिथं त्याची चव बदलते नि नावही. राजमहेंद्रीकडचे कोळी नावेतून जाळी टाकून तो धरतात. एकेका माशाला हजारो रुपये मोजावे लागतात. ‘मंगळसूत्र विकून का होईना, पुलसा खावा,’ अशी तेलुगू म्हणच आहे. चिंचेच्या कोळातलं त्याचं कालवण दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं.

गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरची, कृष्णा महाबळेश्वरची. पण हा मासा आपल्याकडे पोचत नाही. गोदावरीवर धवळेश्वरमला १८५२ मध्ये, तर कृष्णेवर विजयवाड्याला १८५५ मध्ये बंधारा झाला. त्याची वाट तिथंच अडली.

नदीत चढणारी मादी म्हणजे बाळंतपणाला माहेरी, आपल्या कानडीत तवरमनीला, निघालेली लेकच. म्हणून गाभोळीनं भरलेली मादी मी घेत नाही. तिला वाटेतच धरलं, तर पुढच्या वर्षी नदीत येणार कोण?