गुरुजी कायम कसे होतात?

बैल घेताना तुम्ही नुसते दात मोजून पैसे देत नाही. औताला जुंपून, चालवून पाहता, मगच दावं हातात घेता. गुरुजींना बैलाची उपमा देतो आहे असे कृपा करून समजू नका. पण गावच्या जिल्हा परिषद शाळेत नवे गुरुजी किंवा नव्या बाई येतात, ते नोकरीत कायम कसे होतात, याची चौकशी तुम्ही कधी केली आहे का?

२००० सालापूर्वी डी.एड. झालेल्या गुरुजींची नेमणूक थेट वेतनश्रेणीत होत असे. त्या वर्षी राज्य सरकारने शिक्षण सेवक योजना आणली. पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची, काम समाधानकारक ठरले तर पुढे सहायक शिक्षक. प्राथमिकचे मानधन सुरुवातीला महिना ३,००० रुपये होते. पुढे ते ६,००० झाले आणि जानेवारी २०२३ पासून १६,०००. परजिल्ह्यातून आलेल्या पोराने यात खोलीभाडे, खानावळ भागवून घरी काय पाठवायचे, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

आता तो 'समाधानकारक' शब्द घ्या. तीन वर्षे भरली की हजेरी, कागदपत्रे, मुख्याध्यापकांचा शेरा असे सगळे जोडून फाईल पंचायत समितीतून वर जाते. पाठ पाहायला वर्गात मागे कोण बसले, किती वेळ बसले, मुलांना वाचायला लावले का, याला त्या फायलीत फारसे वजन नसते. केंद्रप्रमुखाकडे दहा-बारा शाळा आणि वर माहितीचे तक्ते. तो तरी किती ठिकाणी बसणार?

सरकारने कसोटी कडक केली नाही असे नाही, पण ती परीक्षेची. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला आणि शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आली. आपल्या राज्यात ती २०१३ पासून होते. १५० गुणांचा पेपर, खुल्या गटाला ६० टक्के हवेत. भरतीसाठी वर २०० गुणांची आणखी एक चाचणी. एवढे करून २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवून घेतल्याचे उघड झाले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. त्या वर्षी प्रामाणिकपणे अभ्यास करून बसलेल्या पोरांना काय वाटले असेल?

मग १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. कायद्याच्या आधी लागलेल्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी. पाच वर्षांच्या आत निवृत्त होणाऱ्यांना सूट, पण बढती हवी असेल तर परीक्षा द्यायचीच. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेले कायम गुरुजी पुन्हा गाईड घेऊन बसले.

परीक्षा नकोच, असे माझे म्हणणे नाही. गुरुजींना काय येते हे पेपर सांगतो. तिसरीतल्या पोरीला धडा वाचता येतो का, हे मात्र वर्गात गेल्याशिवाय कळत नाही. आणि सेवकाची ती तीन वर्षे म्हणजे तुमच्या लेकराची पहिली, दुसरी, तिसरी, बरं का! फाईल मंजूर होईपर्यंत त्याचा पाया भरून झालेला असतो, पक्का नाहीतर कच्चा.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (आपले जुने ग्रामसेवक) आणि पालकांनो, याच कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पाऊण सभासद पालक असतात, निम्म्या महिला. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे हे तिचे काम. पण बहुतेक गावांत सभा म्हणजे पोषण आहाराचा तांदूळ, खोलीची कौले आणि सह्या. कायम करण्याचा अधिकार समितीला नाही, तो जिल्हा परिषदेचाच राहू द्या. पण सेवकाच्या फायलीला समितीचा वर्षातून एक अभिप्राय जोडावा, एवढा बदल व्हायला हरकत कोणती? गावकीचे राजकारण त्यात शिरेल, ही शिक्षकांची भीती खोटी नाही. म्हणून अभिप्राय माणसाविषयी नको, मुलांच्या वाचनाविषयी आणि गणिताविषयी असावा.

बदल होईल तेव्हा होईल. पुढच्या सभेला पाच मुले बोलवा, पाठ्यपुस्तकातले एक पान सर्वांसमोर वाचायला सांगा आणि जे दिसेल ते तारखेसह इतिवृत्तात लिहून घ्या.