परमुलुखांत, परघरीं

आमच्या गांवच्या एका बागाइतदाराची कन्या परिचारिकेची परीक्षा उत्तीर्ण झाली असून, एक वर्ष परदेशीं विनावेतन रुग्णसेवेस जाणार आहे. राहणें तेथील एका शेतकरी कुटुंबांत. वडिलांचें मन होईना. ते सल्ल्यासाठीं आमच्याकडे आले. "परक्यांच्या घरीं पोरीचा निभाव लागेल कसा?" हा त्यांचा प्रश्न. तो आतां पुष्कळ घरांत निघूं लागला आहे, म्हणून आमचें उत्तर येथें मांडतों.

कै. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे. चीन जपानशीं लढत असतां १९३८ सालीं काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें पथक तिकडे धाडिलें, त्यांत ते होते. १९३९ सालीं पथक येनानला पोंचलें. तेथें माणसें पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या घरांत राहत. उत्तर चीनच्या खेड्यांत चुलीची ऊब विटांच्या ओट्याखालून खेळवितात, आणि हिंवाळ्यांत घरचीं माणसें त्या ओट्यावर निजतात. अन्न मुख्यत्वें राळ्याचें. ज्वारीहि तिकडे पिकते. धान्य आपल्या ओळखीचें, पण रांधणें निराळें. कोटणीसांनीं चिनी भाषा आत्मसात केली. १९४१ सालीं ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि त्याच वर्षीं त्यांनीं क्वो छिंगलान या परिचारिकेशीं विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, ते तिकडेच निवर्तले. बाकीचे चौघे परत आले. ही गोष्ट बापापासून लपवून सल्ला देणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं.

दुसरी गोष्ट घरची. आपल्या जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें कार्य आरंभिलें. तें शिकण्यास देशोदेशींचे लोक येत आले आहेत. अशाच दुसऱ्या एका कामासाठीं आलेली एक परदेशी तरुणी आमच्या घरीं महिनाभर राहिली. आम्हीं तिला पाटावर बसविलें, रोज गोडधोड केलें, आणि कोणत्याहि कामास हात लावूं दिला नाहीं. तिखट रस्सा ती संकोचानें खाई व रात्रीं पोट धरून बसे. आठ दिवसांत तिचें बोलणें खुंटलें. आम्हांस वाटलें, पोरीस गर्व आहे. एके सकाळीं ती आपण होऊन आमच्या कुटुंबाजवळ शेंगा सोलण्यास बसली, आणि तिखट सोसत नाहीं असें खुणेनें सांगितलें. त्या दिवसापासून ती घरची झाली. चूक आमचीच होती. पाहुणचाराच्या भरांत आम्हीं तिला परकी ठेविली.

यावरून मुलीस आम्हीं चार गोष्टी सांगितल्या. निघण्यापूर्वीं तेथील भाषेचीं शंभर वाक्यें पाठ करावीं. त्यांत "हें मला सोसत नाहीं" हें अवश्य असावें. पहिल्या आठवड्यांतच घरांतील एक नेमाचें काम मागून घ्यावें. घरांत उठण्याची, न्हाण्याची व देवाधर्माची रीत कशी आहे तें आधीं पाहावें, मग वागावें. मन उदास झाल्यास लपवूं नये. दर आठवड्यास घरीं खरें तेंच कळवावें.

वडिलांस मात्र निराळें सांगितलें. आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. आम्हीं प्रथम कागद मागविले. यजमानाचें नांव व पत्ता होता, परतीचें भाडें कोण देणार हेंहि होतें. परंतु आजारपणाचा खर्च कोणीं सोसावा याचें कलम नव्हतें, आणि यजमानाशीं न पटल्यास कोणाकडे जावें तेंहि नव्हतें. दोन्ही गोष्टी लेखी मागविण्यास सांगितल्या. तीन आठवड्यांनीं उत्तर आलें, तें आम्हीं दोनदां वाचलें, आणि तेव्हांच वडिलांनीं होकार दिला.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा परदेशी पाहुणा उतरल्यास त्यांनीं पहिल्याच दिवशीं त्यास तिखटाविषयीं विचारावें, आणि दुसऱ्या दिवशीं शेतावर सोबत न्यावें.