ॲपमध्ये ८० टक्के पाऊस दिसतोय, मग बिया टाकायच्या का?

गेल्या जूनमध्ये मृग लागून चार दिवस झाले होते. वाशीमहून आईचा फोन आला. "वाफे तयार हायेत. बिया टाकू का?" मी पुण्यात ऑफिसमध्ये. फोनवरचं हवामानाचं ॲप उघडलं, उद्यासाठी ८० टक्के पाऊस. म्हटलं, "टाक बिनधास्त."

दुसऱ्या दिवशी सर आलीही. आई खूश, मीही खूश. मग अकरा दिवस थेंब नाही. दोडका आणि भेंडी वर आली, दोन पानांवर करपली. गवार तर उगवलीच नाही. जूनमध्ये आमच्याकडे प्यायचं पाणीच जपून वापरतात, वाफ्यांना कुठून घालणार? वाईट भेंडीचं वाटलं. ते बी आजीच्या वेळेपासून दरवर्षी घरीच धरलेलं, मूठभरच होतं. आई एवढंच म्हणाली, "तुझ्या फोनातला पाऊस तिकडंच पडला का रे?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. तरी त्या ८० चा अर्थ मी कधी शोधला नव्हता.

८० टक्के म्हणजे नेमकं काय?

बहुतेकांना वाटतं, ८० टक्के म्हणजे जोरदार पाऊस. तसं नाही. हा आकडा पाऊस पडण्याची शक्यता सांगतो, किती पडेल ते नाही. अमेरिकेच्या हवामान सेवेच्या व्याख्येत ०.०१ इंच, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर पडला तरी तो 'पाऊस' धरतात. पाव मिलिमीटरने अंगणातली धूळही नीट बसत नाही.

आकडा येतो कुठून? हवामानाचं मॉडेल म्हणजे वातावरणाचं गणित सोडवणारा प्रोग्रॅम. युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ हे केंद्र तो एकदा नाही, ५१ वेळा चालवतं, दर वेळी सुरुवातीची स्थिती किंचित बदलून. त्यातल्या ४० वेळा पाऊस आला, तर शक्यता साधारण ७८ टक्के. तुमच्या ॲपची कंपनी अशाच मॉडेलांचे आकडे घेते, त्यावर स्वतःचं गणित करते आणि ढगाचं चित्र लावून दाखवते.

दुसरी गोम चौकटीची. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच उत्तर देतं. पुण्याच्या आयआयटीएमने तयार केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. त्याआधी आपल्याकडे साधारण १२ किलोमीटरचा होता. जूनच्या सुरुवातीचा गडगडाटी पाऊस मात्र अनेकदा त्याहून लहान पट्ट्यात कोसळतो. वाशीममध्ये रस्त्यावरून पाणी वाहतं आणि अनसिंगला धूळ उडते, हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. थंड देशांत बागकाम करणारे लोक वसंतात शेवटचं हिमतुषार कधी पडेल याची वाट बघत बसतात. त्यांचा प्रश्न तापमानाचा असतो, आणि तापमान मोठ्या भागात बरंचसं सारखं बदलतं, म्हणून ते सांगणं तुलनेनं सोपं. आपला प्रश्न पावसाचा.

(एक फालतू वाटणारी पण खरी चूक: ॲपमध्ये गाव शोधताना पहिली अक्षरं टाकून घाईत वर दिसेल ते निवडू नका. नवी मुंबईची वाशी आणि आपलं वाशीम यांच्या पावसाचा काही संबंध नाही.)

मग बघायचं काय?

टक्क्यांच्या खाली मिलिमीटरचा आकडा असतो, तो बघा. सोयाबीनसाठी कृषी विभाग सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. परसबागेला तोच नियम लावायची सक्ती नाही, पण कारण तेच: तापलेल्या काळ्या जमिनीत एका सरीने वरचीच माती ओली होते. बी फुगतं, कोंब काढतं आणि खाली ओल नसली की मरतं. आपलं दहा-वीस रुपयांचं पाकीट जातं. वावर असलेल्या माणसाचं दुबार पेरणीत सगळं गणितच कोलमडतं.

हवामान विभागाच्या बातमीतले शब्दही मोजून वापरलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५०. बिया हातात असतील तर 'बऱ्याच ठिकाणी' किंवा 'बहुतांश ठिकाणी' हे शब्द सलग दोन-तीन दिवस येईपर्यंत थांबा. सरकारी 'मेघदूत' ॲपवर जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज आणि पिकांचा सल्ला मराठीत मिळतो. सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी बदलतो.

आणि पडलेला पाऊस स्वतः मोजा. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा, झाडाखाली किंवा वळचणीला नको. सकाळी साडेआठला पट्टी बुडवा, हवामान विभागाचा पावसाचा दिवसही तेव्हाच बदलतो. १० मिलिमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस, तोंड लहान असो की मोठं. मोजून झालं की डबा रिकामा करा.

दुसऱ्या वेळी आम्ही तेच केलं. आई रोज व्हॉट्सॲपवर पट्टीचा फोटो टाकायची. चार दिवसांची बेरीज ८२ झाली तेव्हा बिया टाकल्या. भेंडीचं बी शेजारच्या काकूंकडून आलं. दोन वर्षांपूर्वी आईनंच त्यांना दिलं होतं.