डोळ्यात औषध गेले तर? – सशाविना होणारी परीक्षा



फवारणीच्या औषधाच्या डब्यावर बारीक अक्षरांत सूचना असतात. "डोळ्यांत जाऊ देऊ नये" ही त्यांपैकीच एक. काही डब्यांवर "डोळ्यांस गंभीर इजा" असे असते, काहींवर नुसती "चुरचुर". हा फरक लिहिणाऱ्याला कसा कळला? कोणाच्या तरी डोळ्यात ते औषध घालून पाहिल्याशिवाय कळेल का? या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत बदलले आहे. ते आपण समजून घेऊ या.

डोळ्याला नेमके काय होते?

बुबुळावर काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो स्वच्छ राहतो. वरच्या थरापुरतीच इजा झाली, तर नव्या पेशी येऊन काही दिवसांत तो भरून निघतो. इजा खोल गेली, तर जखम भरते, पण पांढरा डाग राहतो. यालाच आपण डोळ्यात फूल पडणे म्हणतो. मग दृष्टी अधू होते.

आम्लापेक्षा क्षार बहुधा अधिक घातक असतात. लिंबू पिळले की दूध नासते, तसे आम्ल डोळ्यातील प्रथिने गोठविते आणि तो गोठलेला थरच आम्लाला पुढे जाण्यास काहीसा अडवितो. चुना किंवा कॉस्टिक सोडा मात्र पेशींवरील स्निग्ध आवरण साबणासारखे विरघळवीत आत शिरतो. सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रणासाठी चुना कालविणाऱ्यांनी हे विसरू नये.

तेव्हा परीक्षेचा मुख्य प्रश्न एकच : इजा किती खोल जाते, आणि ती भरून निघेल काय?

सशाची परीक्षा

१९३३ साली अमेरिकेत पापण्या रंगविण्याच्या एका रंगाने अनेक स्त्रियांच्या डोळ्यांस भयंकर इजा झाली. त्यानंतर १९३८ साली तेथे अन्न, औषधे व सौंदर्यप्रसाधनांविषयी कडक कायदा आला. १९४४ साली जॉन ड्रेझ या सरकारी शास्त्रज्ञाने डोळ्याच्या परीक्षेची पद्धत बसविली. सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिलिलिटर पदार्थ घालावयाचा आणि दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवावयाचा. मग १, २४, ४८ व ७२ तासांनी लाली, सूज व गढूळपणा यांना गुण द्यावयाचे. गरज पडल्यास २१ दिवसांपर्यंत पाहावयाचे.

या परीक्षेने पुष्कळ माणसांचे डोळे वाचविले, हे खरे. पण सशाच्या वेदनांचे काय? आणि सशाचा डोळा म्हणजे माणसाचा डोळा नव्हे. त्याला तिसरी पापणी असते व अश्रू कमी येतात. शिवाय गुण देणाऱ्यांच्या नजरेत फरक पडतो. १९७१ साली वीसहून अधिक प्रयोगशाळांना तेच ते पदार्थ तपासावयास दिले, तेव्हा त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत.

१९५९ साली रसेल व बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन नियम सांगितले होते : शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा उपाय योजावा, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि त्यांच्या यातना कमी कराव्यात. १९८० साली हेन्री स्पायरा यांनी न्यूयॉर्कमध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांविरुद्ध मोहीम काढली आणि पर्यायी परीक्षांच्या संशोधनास पैसा मिळू लागला.

सशाविना परीक्षा कशी होते?

पहिली रीत – गुरांचे डोळे. हे डोळे कत्तलखान्यातून येतात. गुरे अन्नासाठी मारलेली असतात. परीक्षेसाठी वेगळे जनावर मारीत नाहीत. डोळ्यावरील पारदर्शक पडदा कापून तो एका साच्यात घट्ट बसवितात आणि त्यातून किती उजेड आरपार जातो ते मोजतात. मग द्रव पदार्थ १० मिनिटे त्यावर ठेवून धुतात व दोन तासांनी उजेड पुन्हा मोजतात. पडदा गढूळ झाला असेल, तर उजेड कमी जातो. शेवटी एक पिवळसर हिरवा रंग ९० मिनिटे वर ठेवून त्यातील किती पाझरून मागे गेला ते पाहतात. पडद्याची वीण उसवली असेल, तर रंग अधिक पाझरतो. दोन्ही मापांवरून एक आकडा काढतात. तो ५५ च्या वर गेला, तर पदार्थ गंभीर इजा करणारा. ३ किंवा त्याहून कमी आला, तर इशारा छापण्याची गरज नाही. मधला आकडा आला, तर या एका परीक्षेवरून निकाल देता येत नाही.

दुसरी रीत – कोंबडीचा डोळा. हाही खाण्यासाठी कापलेल्या कोंबडीचाच. त्यावर पदार्थ केवळ १० सेकंद ठेवून धुतात व पुढे चार तास पडद्याची सूज आणि गढूळपणा पाहतात.

तिसरी रीत – पेशींचा पडदा. मानवी पेशी काचपात्रात वाढवून त्यांचे थरावर थर तयार करतात. त्यावर पदार्थ ठेवतात, धुतात आणि एक पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात. मेलेल्या करीत नाहीत. ६० टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत राहिल्या, तर पदार्थाला इशाऱ्याची गरज नाही. कमी राहिल्या, तर दुसऱ्या रीतीने अधिक तपास करावा लागतो.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने पहिल्या दोन रीतींना २००९ साली आणि तिसरीला २०१५ साली मान्यता दिली. या संघटनेच्या नियमांप्रमाणे केलेल्या परीक्षांचे निकाल परस्परांनी मानण्याच्या करारात भारत २०११ सालापासून पूर्ण सहभागी आहे.

यात उणे काय?

कापून आणलेला डोळा भरून येत नाही. त्याला लाली चढत नाही, अश्रू येत नाहीत. म्हणून जखम किती दिवसांत बरी होईल हे तो सांगत नाही. ती किती खोल गेली यावरून तर्क करावा लागतो. एका रीतीवर विसंबून न राहता दोन-तीन जोडून वापरतात, त्याचे कारण हेच. जिवंत सशावरील परीक्षा अजून पूर्णपणे गेलेली नाही. ती शेवटचा उपाय म्हणून, आणि २०१२ सालच्या सुधारणेनुसार वेदनाशामक देऊनच करावयाची असते. भारताने २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांची परीक्षा प्राण्यांवर करण्यास बंदी घातली. हा नियम सौंदर्यप्रसाधनांपुरता आहे; शेतीच्या औषधांना तो लावलेला नाही.

आपण काय करावे?

डब्यावरील इशाऱ्यामागे एवढी खटपट आहे. तो न वाचणे म्हणजे ती वाया घालविणे होय. आणि परीक्षा आपल्याच डोळ्यावर होऊ नये, यासाठी :

१. औषध किंवा चुना कालविताना चष्मा लावावा. फवारताना वाऱ्याकडे तोंड करू नये.

२. डोळ्यात काही गेल्यास चोळू नये. पापण्या उघड्या धरून ताबडतोब स्वच्छ पाण्याची धार १५ ते २० मिनिटे सोडावी. चुन्याचे खडे असतील, तर ते स्वच्छ ओल्या फडक्याने टिपावेत व धुणे चालूच ठेवावे.

३. दूध, तूप, मध, एरंडेल घालू नये. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू तर मुळीच नको.

४. डोळा धुतल्यावर डबा बरोबर घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. दुखणे थांबले म्हणून घरी बसू नये.

५. फवारणीच्या शेतात स्वच्छ पाण्याची एक कळशी वेगळी भरून ठेवावी. खोल इजा आणि वरवरची इजा यांतील अंतर कित्येकदा पहिल्या मिनिटातल्या पाण्याचे असते.