थरथरणारा आरसा

बादलीत पाणी भरा आणि तळाशी एक रुपयाचं नाणं टाका. पाणी शांत असेल तर नाण्यावरचा आकडाही वाचता येतो. आता बोटाने पाणी हलवा. नाणं नाचायला लागलं ना? खरं तर नाणं जागच्या जागी आहे; हललं ते पाणी!

ताऱ्यांचं लुकलुकणंही असंच. आपल्या डोक्यावरची हवा कुठे गरम, कुठे थंड, आणि सतत हलणारी. तिच्यातून येताना ताऱ्याचा प्रकाश किंचित इकडेतिकडे वाकतो. आपल्याला गंमत वाटते, पण खगोलशास्त्रज्ञांच्या डोक्याला ताप! दुर्बीण कितीही मोठी असो, चित्र पुसटच येतं.

१९५३ मध्ये होरेस बॅबकॉक या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक युक्ती सुचवली. हवेने प्रकाश जेवढा बिघडवला, तेवढाच तो आरशाने उलटा सुधारायचा. ती प्रत्यक्षात यायला मात्र वेगवान संगणक यावे लागले. हवाई बेटावर मौना केआ पर्वतावरच्या केक दुर्बिणीचा मुख्य आरसा १० मीटर रुंद आहे, ३६ षटकोनी तुकड्यांचा. त्याने गोळा केलेला प्रकाश एका छोट्या, लवचीक आरशावर पडतो. संगणक एखाद्या तेजस्वी ताऱ्याकडे पाहून बिघाड मोजतो आणि हा आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकवतो. जवळपास तसा तारा नसला तर? लेसरचा झोत सोडून सुमारे ९० किलोमीटर उंचीवर कृत्रिम तारा चमकवतात!

आपल्या आकाशगंगेचं केंद्र सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर, धुळीच्या पडद्याआड आहे. साधा प्रकाश तिथे अडतो. पण टीव्हीच्या रिमोटमधून निघतात तसे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण धुळीतून बरेचसे पार होतात. ते टिपणारे कॅमेरे लावून हवाईतून आन्द्रेया गेझ यांच्या, तर चिलीतून राइनहार्ड गेन्झेल यांच्या गटाने वर्षानुवर्षं तिथल्या ताऱ्यांवर नजर ठेवली. त्यातला ‘एस-२’ हा तारा एक फेरी १६ वर्षांत पुरी करतो. म्हणजे तुमच्या जन्मावेळी निघालेला तारा तुम्ही दहावी झालात की परत येणार!

तो फिरतो कशाभोवती? तिथे तर काहीच दिसत नाही! त्याच्या वेगावरून गणित केलं, तर मध्ये सुमारे ४० लाख सूर्यांएवढं वस्तुमान निघालं. एवढं वस्तुमान, इतक्या थोड्या जागेत? ते महाकाय कृष्णविवरच असणार. दोन्ही गटांचं उत्तर एकच आलं. २०२० मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मे महिन्यात मध्यरात्रीनंतर आईबाबांना घेऊन गच्चीवर जा. दक्षिणेला वृश्चिकाच्या नांगीशेजारी, धनू राशीत पाहा. ते कृष्णविवर त्याच दिशेला आहे.