फडताळाचा पांढरा रंग

आदिलाबादचा मुलूख सागाच्या जंगलांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. तेथील जुन्या घरांतून स्वयंपाकघरातले फडताळही सागाचेच आढळते. धुराने व तेलकट वाफेने काळवंडलेल्या अशा फडताळाला पांढरा रंग द्यावा, असे गृहिणीस वाटणे साहजिक आहे. पांढऱ्यावर मळ चटकन दिसतो, आणि दिसलेला मळच पुसला जातो. परंतु पांढरा रंग म्हणजे एकच रंग नव्हे.

सर्वांत जुना व स्वस्त तो चुना. हवेतील कर्बवायू शोषून तो भिंतीवर दगडासारखा घट्ट होतो. लाकूड मात्र ऋतुमानाप्रमाणे फुगते व आकसते. त्यामुळे त्यावरील चुन्याचे पापुद्रे सुटतात आणि भांड्यांत पडतात. चुना भिंतीलाच शोभतो.

दुसरा शिशाचा सफेदा. एके काळी तैलरंगांत त्याला मोठा मान होता. पण गंधकयुक्त वायूने तो काळा पडतो, आणि मुख्य म्हणजे तो विष आहे. शिसे पोटात गेल्यास लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो. भारतात घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक असू नये, असा नियम 2016 साली झाला व 2017 च्या नोव्हेंबरपासून तो अमलात आला. म्हणून त्यापूर्वी रंगविलेले फडताळ कोरडेच घासणे धोक्याचे आहे. पृष्ठभाग ओला करून घासावा, मुले व गर्भवती स्त्रिया यांस दूर ठेवावे, आणि पडलेली भुकटी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

जस्ताचा पांढरा गंधकाने काळवंडत नाही. पण तेलात कालवलेला त्याचा थर कालांतराने ठिसूळ होऊन तडकतो. आज बाजारातील पांढऱ्या रंगांत बहुतेक टिटॅनियमचे संयुग असते. केरळच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूत त्याचे खनिज सापडते. त्याची झाकण्याची शक्ती मोठी, म्हणून थोड्या थरांत लाकूड झाकले जाते.

यानंतर प्रश्न तकाकीचा. निस्तेज थर सच्छिद्र असल्याने हळदीचा डाग धरून ठेवतो. चकचकीत थर ओल्या फडक्याने स्वच्छ होतो, पण लाकडाचे खाचखळगेही उघडे करतो. स्वयंपाकघरास मध्यम तकाकी बरी. तेलाचा पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो. म्हणून दाराच्या आतली बाजू आधी पिवळी दिसते. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग हा दोष फारसा दाखवीत नाही.

मात्र कोणताही रंग निवडला, तरी सागाच्या अंगचे तेल विसरून चालत नाही. ते रंगाला धरू देत नाही व पांढऱ्यावर तपकिरी डाग उमटविते. आधी टर्पेंटाइनने लाकूड पुसून चपड्याच्या लाखेचा एक हात द्यावा, तो वाळल्यावर अस्तर, आणि मग रंग.

2016 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच असलेल्या निर्मळ गावचे कारागीर हेच शिकवितात. पोणिकीच्या हलक्या लाकडाची खेळणी घडविताना ते भुसा व चिंचोक्याची खळ यांनी सांधे बुजवितात, वर पांढऱ्या मातीचा लेप देतात, आणि मगच कुंचला उचलतात. पांढऱ्याची शोभा वरच्या हातात नसून खालच्या तयारीत असते.